सोपान मिस्त्रींचा सरळ हात

सोपान मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली ती फुप्फुसांवरून. ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त होऊन मी राहात्यात घर बांधलं, आणि शेजारी कोण आहे ते बघायला, राहायला आल्यावर चौथ्या दिवशी, कुंपणाशी गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक उंच, वाळका, पांढऱ्या भरघोस मिशांचा गृहस्थ जुन्या अँबॅसेडरपुढे उकिडवा बसला होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटांतली चांदी, म्हणजे तो चमकीचा कागद, गठ्ठ्यानं डोकावत होती. चाळीसेक पाकिटांची तरी असेल. मी तीस वर्षं नर्स. समोर माणूस आला की मला आधी त्याचा रोग दिसतो. ओळख ना देख, मी तिथेच सुरू झाले. फुप्फुसं काळी कशी पडतात इथपासून निघाले ते थेट कफात रक्त येईपर्यंत पोचले. मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मधूनमधून "अरारारा" असंही म्हणाले. माझं संपल्यावर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडं असले वडनारे लई येत आसतील न्हाई? त्यांच्याकडनं थोडी चांदी मिळंल का?"

या माणसानं जन्मात विडी ओढलेली नव्हती. बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आले की ही चांदी पाण्यात बुडवून, चुरगाळून हलक्या हातानं फिरवायची. ठिपका जातो आणि ओरखडा उठत नाही. त्यासाठी गावातल्या तीन पानटपऱ्या त्यांच्यासाठी चांदी राखून ठेवत. माझं अर्ध्या तासाचं भाषण फुकट गेलं त्याचा राग मला अजून आहे.

मिस्त्री मूळचे पाथर्डीकडचे. आईबाप दरवर्षी कोयता घेऊन इकडे ऊसतोडीला येत. एका हंगामात सोपान कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चिकटला तो निवृत्त होईपर्यंत. तिथं यंत्रांचे भाग घासता घासता त्यांना धातूचं वेड लागलं असावं. निवृत्तीनंतर त्यांनी शेड टाकली आणि जुन्या गाड्या घ्यायला लागले. जुन्या गाड्या म्हणजे इंजिन नव्हे. इंजिनाबद्दल कुणी विचारलं तर "ते पोटातलं झालं, आपल्याला त्यातलं काय कळत न्हाई" म्हणून मोकळे. रंगही नाही. फक्त वरचं चमकणारं सामान: बंपर, पुढची जाळी, चाकांच्या टोप्या, दारांची हँडलं आणि गाडीच्या कुशीवरून हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी ती लांब पट्टी. पुण्या-नाशिकहून लोक गाड्या घेऊन येत. "नवं प्लेटिंग करून टाका" असं बाकी सगळे सांगत. मिस्त्री म्हणत, "म्हाताऱ्याला कवळी बसवली म्हंजी तो तरना झाला का? हायेत तेच दात घासू."

त्यांची सगळी कीर्ती सरळ हाताची होती. पट्टी घासायची ती लांबीनं. पुढून मागं, एकाच दिशेनं, पेरणीला शेतात पाभर हाकल्यासारखं. शेवटाला गेलं की फडकं उचलायचं, परत पहिल्यापासून. उलटा हात नाही, आणि गोल तर नाहीच नाही. गोल घासलं की सावलीत झकास दिसतं आणि उन्हात गाडी आणली की पट्टीभर बारीक वेटोळी उठतात. त्यांना मिस्त्री चकल्या म्हणत. "कुनाच्या गाडीवर चकल्या पाडल्यात ते मला रस्त्याच्या पल्याडून कळतं," असं सांगत, आणि खरंच कळे. शिर्डी रस्त्यावर चहा पिता पिता समोरून जाणाऱ्या गाडीकडे बघून "हे बघा, ह्याच्याकडं दिवाळी झाली" असं म्हणून ते मान फिरवत. गाडीत बसलेल्या बिचाऱ्या कुटुंबाला आपली दिवाळी झाल्याचा पत्ताच नसे.

गाडी झाली की एक परीक्षा असे. मिस्त्री बंपरपुढे बसत आणि मिशीचे केस मोजत. मोजता आले तर गाडी पास. एकदा पुण्याचा एक जण घाईला आला होता, तीन दिवसांत गाडी मागत होता. मिस्त्रींनी त्याला बंपरपुढे बसवलं आणि म्हणाले, "मोजा." तो म्हणाला, "मला मिशी नाही." "मंग वाढवा," मिस्त्री म्हणाले, "तवर होती गाडी." तो माणूस चिडून गेला आणि दीड महिन्यानं परत आला. मिशी नव्हती, पण घाईही नव्हती.

देवाधर्माशी त्यांचं वैर नव्हतं, पण दसऱ्याशी होतं. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, ही आपली सगळ्यांचीच रीत. मिस्त्रींच्या मते मराठी माणसाच्या क्रोमचा खरा शत्रू पाऊस नाही, पूजा आहे. कुंकू ओलं लावतात, ते आठवडाभर पुसत नाहीत, खाली डाग धरतो. एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी तर उत्साहाच्या भरात नारळ थेट बंपरवरच फोडला. पाणी आत मुरलं आणि महिन्याभरात बंपरला पुटकुळ्या आल्या. पुढारी स्वतः गाडी घेऊन आला. मिस्त्रींनी पुटकुळ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सायेब, देवाला दगडावरचा नारळ चालत न्हाई का?" पुढारी हसला. कार्यकर्ते हसले नाहीत. आपल्या घरच्या स्कूटरला मात्र मिस्त्री कुंकू लावू देत, पण टायरला. "रबरावरनं बी पोचतं," म्हणत. त्यांच्या बायकोला, शालनताईंना, हे बिलकूल पटत नसे. त्या दरवर्षी नवरा आंघोळीला गेला की हँडलला एक बोट लावून येत, आणि मिस्त्री दरवर्षी ते बोट पुसत.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या पावसाळ्यात श्रीरामपूरचे एक वकील आपल्या वडिलांची अँबॅसेडर घेऊन आले. हिवाळ्यात नगरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथं गाडी न्यायची होती. वकील म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या नावावर नेतोय." मिस्त्रींनी हे वाक्य मला त्या दिवशी तीनदा सांगितलं. मग त्यांनी डाव्या बाजूची लांब पट्टी घ्यायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की पट्टीवर भाकरीएवढी ठिगळं मळकीच राहताहेत. मधेच लखलखीत, मधेच राखाडी. मी मिस्त्रींच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बाहुल्यांत मोतीबिंदू दुधासारखा उतरलेला.

मी सरळ सांगितलं. नर्सला आडवळण जमत नाही. मिस्त्री म्हणाले, "माझे डोळे ठीक हायेत. ह्या गाडीच्या पट्टीचं ॲल्युमिनियमच हलकं हाय." दुसऱ्या दिवशी वीटभट्टीच्या धुळीचा दोष होता. तिसऱ्या दिवशी ढगाळ होतं. मिशी मोजता येत नव्हती, तर म्हणे मिशीच विरळ झाली. ऑपरेशनचं नाव काढलं तर म्हणाले, "सुरी? मी बंपरला कधी सुरी लावली न्हाई, आन् डोळ्याला लावू?"

शालनताई मला मागच्या दारी घेऊन गेल्या. त्या कमी बोलत, पण त्या दिवशी हात धरून बोलल्या. "सिस्टरबाई, त्यांना म्हनू नका काम बिघडतंय म्हनून. डोळ्याचं काय बोलायचं ते बोला, पर कामाचं नको. माझे मामांजी आसेच हुते. हात कापायला लागला म्हनून मुकादमानं कोयता काढून घेतला. म्हातारा भितीकडं तोंड करून बसला तो बसलाच. आठ म्हयन्यात गेला. ह्यांना कळलं ना, की आपलं काम कुनाला चालत न्हाई, तर हे बी बसतील." मी तीस वर्षांत पुष्कळ मरणं पाहिली आहेत, पण भिंतीकडं तोंड करून बसलेली माणसं मला अजून बघवत नाहीत. मी म्हटलं, बरं.

मिस्त्री जेवून एक ते तीन झोपत. त्या दोन तासांत आम्ही दोघी शेडमध्ये शिरत असू. शालनताई फडकं घेत, मी पॉलिशचा डबा. मिस्त्रींची राहिलेली ठिगळं आम्ही भरून काढायचो, आणि ठिगळ भरलं की ते बाकीच्या पट्टीहून वेगळं दिसायचं म्हणून बाकीचीही पट्टी घ्यायचो. वेडेपणा होता, पण तेव्हा वाटलं नाही. शालनताईंचा हात देव घासलेला हात. चिंच आणि मीठ घेऊन पन्नास वर्षं तांब्या, पळी, समई. मी म्हणायची, "ताई, सरळ." त्या दोनदा सरळ न्यायच्या, तिसऱ्यांदा हात आपोआप वळायचा. मी त्यांच्यावर खेकसायची आणि फडकं स्वतः घ्यायची. आणि माझं काय? इंजेक्शनच्या आधी स्पिरिटचा बोळा मधून बाहेर गोल फिरवायचा, हे मी हजारो दंडांवर केलेलं. माझाही हात वळायचा. शेडमधल्या सावलीत काही कळत नव्हतं. आम्हाला वाटलं, छान झालं. तीन महिन्यांत आम्ही डाव्या बाजूची अख्खी पट्टी अशी सजवली. रोज तीन वाजता मिस्त्री उठून पट्टीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "येतंय, येतंय. हात गेला न्हाई आपला." शालनताई पदराआड तोंड लपवून स्वयंपाकघरात पळत.

ऑपरेशनला ते तयार झाले ते माझ्या साडीमुळे. मी कुंपणावर निळी साडी वाळत घातली होती. मिस्त्री तिला "सिस्टर, च्या घ्या की" असं दोनदा म्हणाले. साडी बोलली नाही. संध्याकाळी ते माझ्या दारात आले, तोंड एवढंसं. "आमचं काय चुकलं का? आज बोलला न्हाईत." मी साडी दाखवली. त्यांनी पुढे होऊन साडीचा काठ चाचपला. "म्हंजी मी आता लुगड्याला च्या इच्यारतोय," म्हणाले, आणि खाली बसले. "न्या मला कुठं न्यायचं ते."

मी त्यांना घेऊन गेले. आधी एकाच डोळ्याचं करायचं ठरलं. ऑपरेशन टेबलावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ते भिंग बसवनार ते घासूनच येतं ना? सरळ घासलेलं का गोल?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. मिस्त्रींनी पहिल्यांदा मला पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमी लई थकल्या वो." एवढी धावपळ करून हे ऐकायला मिळालं. मी त्यांना महिनाभर धुळीत जायची बंदी घातली, थोडी वैद्यकीय कारणानं आणि थोडी रागानं. गाडीवर शालनताईंनी जुनी चादर टाकली. उजवी बाजू मिस्त्रींनी ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात उरकली होती, आणि तिला हात लावायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता.

बाराव्या दिवशी वकील न सांगता आले. मेळावा रविवारी होता. आम्हाला कळायच्या आत वकिलांनी गाडी ढकलत बाहेर काढली आणि मिस्त्रींनी काळा चष्मा कपाळावर सारून चादर ओढली. सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन. हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत डाव्या पट्टीवर चकल्या. लहान, मोठ्या, एकमेकींत गुंतलेल्या. मी तीस वर्षं कुणाला घाबरले नव्हते, पण तेव्हा मी शालनताईंच्या मागे सरकले.

"वा!" वकील म्हणाले. "वा मिस्त्री! आरसा केलात आरसा!"

मिस्त्री उकिडवे बसले. एका चकलीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. मग आमच्या दोघींच्या पडलेल्या तोंडांकडे पाहिलं आणि उठून उजव्या बाजूला गेले. तिथं ठिगळं होती, भाकरीएवढी मळकी, पण जिथं जिथं त्यांचा हात पोचला होता तिथं एकसुद्धा वळण नव्हतं. दिसत नसतानाही हात सरळ गेला होता. डोळ्यांनी दगा दिला, हातानं नाही. आणि जो हात शाबूत होता त्याच्यावरून आम्ही दोघी फडकी फिरवत बसलो होतो.

"वकीलसाहेब," मिस्त्री म्हणाले, "डावी बाजू माझा हात न्हाई. उजवी माझा हाय, पर ती आर्धी हाय. गाडी नेऊ नका. पंधरा दिस द्या."

"अहो, रविवारी मेळावा आहे. आणि लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय की."

वकिलांनी काही ऐकलं नाही. गाडी नेली. आग्रह करून रविवारी मिस्त्रींनाही नेलं. आणि तिथं काय व्हावं? देखभालीची ढाल याच गाडीला मिळाली. परीक्षकांनी माइकवरून सांगितलं म्हणे, की डाव्या बाजूचं हातानं केलेलं नक्षीदार पॉलिश आता कुठं बघायला मिळत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या खांद्यावर शाल टाकली, फोटो काढले, वर्तमानपत्रवाल्यानं या नक्षीचं रहस्य विचारलं. "सावलीत घासायची," एवढंच ते बोलले.

घरी येऊन त्यांनी ढाल शालनताईंच्या हातात दिली. "घे. तुझी हाय." आणि आठ दिवस दोघींशीही बोलले नाहीत. शालनताई रडून घेत, स्वयंपाक करत, ढाल पिठाच्या डब्यामागं लपवून ठेवत. मला म्हणायच्या, "आता बसतील बघा." पण मिस्त्री बसले नाहीत. नवव्या दिवशी ते एसटीनं श्रीरामपूरला गेले आणि वकिलांशी भांडून गाडी परत घेऊन आले. बक्षीस मिळालेली गाडी पुन्हा घासायला आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी म्हटलं, "महिना झाला नाही अजून." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालाय. मी बी मोजलंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी लेकीकडे नाशिकला राहायला गेले. निघायच्या सकाळी सांगायला म्हणून शेडपाशी आले तर आत दोघांचं चाललं होतं. मिस्त्री डाव्या पट्टीवर झुकलेले, शालनताई दारात उभ्या, आणि ढाल दोघांच्या मध्ये जमिनीवर.

"एक शब्द बोलायचा हुता," मिस्त्री म्हणत होते. "आंधळा झालास सोपाना, काम बिघडतंय, आसं तोंडावर म्हनायचं. माझ्या हातावरनं हात कशाला फिरवला?"

"म्हनलं आसतं तर तुमी बसला आसता," शालनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मामांजींवानी भितीला तोंड लावून बसला आसता. मला त्ये पुन्यांदा बघायचं नव्हतं. काम गेलं तर गेलं, मला तुमी पायजे हुता."

मिस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं.

"बसलो आसतो," ते म्हणाले. "चार दिस बसलो आसतो. बापाला उठवाया कोन नव्हतं, आई आधीच गेल्ती. मला तू हुतीस की."

शालनताईंनी डोळ्याला पदर लावला. मी खाकरले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मिस्त्रींनी फडकं घडी करून त्यांच्या हातात दिलं, त्यांना हेडलाइटपाशी बसवलं आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "चल," म्हणाले. दोघं पट्टीच्या कडेनं उकिडव्यानं सरकत निघाली, हातावर हात, मागच्या दिव्याच्या दिशेनं. फाटकाशी माझा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानं थांबायची खूण केली, मग पिशवी उचलली. ती दोघं तोवर गाडीच्या मागच्या दारापर्यंत पोचली होती.